हार्ड डिस्कचं केळवण

आजारी कॉम्प्युटरचं दुखणं मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. कॉलनीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मीच सगळ्यांना सांगितलंय.

त्या रविवारी आमच्या संहिताचं घरी केळवण होतं. होणारे जावई मानस जवळच्या राऊ गावाहून जेवायला येणार होते. जेवणानंतर लेकीचे लहानपणापासूनचे फोटो टीव्हीवर दाखवायचे, असा माझ्या बायकोचा, कुमुदिनीचा बेत. जुने अल्बम तिनेच डोळे फोडून स्कॅन केलेले, आणि ते फक्त आमच्या कॉम्प्युटरमध्ये! म्हणून मी सकाळी कॅबिनेट उघडून आतली धूळ झटकली आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं, डिस्क सापडत नाही.

"अहो, माझे फोटो?" कुमुदिनी रडकुंडीला आली.

मी कॅबिनेटला कान लावला. टक्, टक्, टक्.

"डिस्क गेली," मी म्हणालो. "पण थंड केली की घटकाभर चालते. तेवढ्यात फोटो काढून घेऊ."

डिस्क चांदीच्या कागदात गुंडाळून मी फ्रीजरमध्ये ठेवली आणि ऐटीत खुर्चीवर येऊन बसलो.

थोड्या वेळाने संहिता आली. "बाबा, डिस्क फ्रीजरमध्ये आहे ना? मग ही टकटक कुठून येतेय?"

कॅबिनेटच्या मागे भिंतीवरचं घड्याळ पडलं होतं. तोरण बांधायला तिनेच ते उतरवलेलं. मी डिस्क काढायला फ्रीजर उघडला. आत चांदीच्या कागदाचं एकच पाकीट होतं, आणि त्यात होता गराडू. आमचा तो तळून खायचा कंद!

"अगं, डिस्क?"

"गराडूचं पाकीट काढून ने, असं सरलाला सांगितलं होतं मी," कुमुदिनी पांढरी पडली. "ती केळवणासाठी तिच्या घरी तळतेय!"

मी अनवाणी शेजारी धावलो. कढईतलं तेल धुरावलं होतं आणि सरलाताईंच्या हातात माझं पाकीट.

"काय रघुवीर भिया, गराडू है के पत्थर? कागदावरून सुरी टोचली, तर सुरीच वाकली. म्हटलं, अख्खाच तेलात सोडते."

मी पाकीट हिसकावलं. डिस्क पंख्याखाली वाळत असताना कुमुदिनी खजराण्याच्या गणपतीला लाडू बोलली. संहिताने मात्र कॅबिनेटमध्ये डोकावून पाहिलं.

"बाबा, ही वायर निघालीय. तुम्ही धूळ झटकताना सुटली असेल."

तिने डिस्क बसवली, वायर दाबली. सगळे फोटो जागच्या जागी! कुमुदिनी डोळे पुसत हसायला लागली, आणि मला तर इतका आनंद झाला की मायलेकींचे टोमणेही गोड लागले.

दुपारी मानस आले ते फोन पुढे करतच. "बाबा, हा सारखा हँग होतोय. जरा देख लो ना."

"जेवण होऊ द्या, मग बघतो," मी म्हणालो.

जेवणं झाली, फोटो सुरू झाले. संहिताचा पहिला वाढदिवस: पुढे केक, मागे मी आणि उघडलेला मिक्सर. शाळेचा पहिला दिवस: पुढे दप्तर, मागे मी आणि स्कूटरचे सुटे भाग. दिवाळी: पुढे रांगोळी, मागे मी पंख्यासकट जमिनीवर. सरलाताई हसून हसून सोफ्यावर आडव्या झाल्या.

शेवटी मी हात पुढे केला. "आणा मानसराव, तो फोन."

मानसनी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"नको बाबा. अपने आप ठीक झाला."