गोपाळकृष्णांची डिस्क

"पाच मिनिटांचं काम!" गोपाळकृष्णांनी बाह्या सरसावल्या आणि चारुलतानं गॅसवरचं चहाचं आधण खाली उतरवलं. नवऱ्याची पाच मिनिटं ती तेहेतीस वर्षं ओळखून होती.

"माधवनगरच्या गिरणीत नुसत्या खडखडाटावरून मशीनचं दुखणं सांगायचो मी! हा एवढासा डबा मला दाद देणार नाही?"

डबा म्हणजे हार्ड डिस्क. ती दाद देत नव्हती. कॉम्प्युटरला जोडली की दिवा काजव्यासारखा लुकलुकायचा आणि विझायचा. पडद्यावर डिस्कचं नावनिशाण नाही!

आणि आजच तर ती हवी होती! साताऱ्याहून गोपाळकृष्णांची थोरली बहीण सुलाबाई यायची होती, स्वतःचा पंचाहत्तरावा वाढदिवस करायला. तिचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. ते हिंडताना, बोलताना दिसतात अशी एकच जुनी कॅसेट होती. ती या डिस्कवर उतरवून घेतली आणि पुढे कॅसेटला बुरशी लागली. आता काय ते या डब्यातच! सुलाबाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला चकित करायचं होतं.

पुण्याहून लेकीनं, ओवीनं, फोनवर सांगितलं, "बाबा, केबल बदला. मागच्या बाजूला लावून बघा. आणि फॉरमॅट करू का विचारलं तर आधी नाही म्हणा!"

मागची बाजू गाठायला गोपाळकृष्ण टेबलाखाली शिरले. तेवढ्यात पुन्हा फोन. चारुलताचे हात पुरणात. तिनं न बघताच कोपरानं फोन घेतला.

"अगं, डिस्क अजून तशीच! पुढून झालं, मागून झालं. जरा हलवली की जीव धरते, परत गप्प! बाबा मघापासून टेबलाखालीच आहेत!"

पलीकडून "अगं बाई!" एवढंच आलं आणि फोन बंद.

अर्ध्या तासात दारात सुलाबाई हजर! मागे तेलाची बाटली घेतलेला धिप्पाड माणूस.

"वन्सं, तुम्ही? मघाशी फोनवर..."

"मीच, स्टँडवरून! तू मला अगं म्हणालीस, तेव्हाच ओळखलं, प्रकरण गंभीर आहे. हा केरबा. स्टँडवरच्या रिक्षावाल्यानं गाठून दिला. कसलीही कंबर बसवतो."

टेबलाबाहेर गोपाळकृष्णांची फक्त कंबरच दिसत होती. केरबानं ती धरली.

"हलू नगा, सायेब!"

"अहो, डिस्क माझी नव्हे..."

"समदी आसंच म्हंत्यात!"

भुईमुगाच्या शेंगा फुटाव्यात तसा आवाज झाला. पाठोपाठ टेबलाला टाळकं आपटल्याचा!

मग चारुलताला सगळं सांगावंच लागलं. सुलाबाई हळूच खुर्चीवर टेकली.

"त्यांचा आवाज आहे त्यात?"

केरबानं तेलाचे हात पुसले, डिस्क उचलली आणि तिच्या केबलच्या भोकावरून नख फिरवलं.

"मंजी दुखणं हिचं व्हय? आन् मी सायबांस्नी पिळतूय! हितं कायतरी अडाकलंय. सुई द्या."

सुईच्या टोकावर लाल अक्षता आली! मागच्याच आठवड्यात खंडेनवमीला पान्हे, मिक्सर, कॉम्प्युटर यांच्या रांगेत डिस्कचीही पूजा झाली होती.

दिवा लागला आणि टिकला. पडद्यावर जुनं स्वयंपाकघर, धोतराचा सोगा, आणि आवाज, "सुले, कॅमेऱ्याकडं काय बघतीस? शिरा करपंल!"

"नव्हता करपला," सुलाबाई पडद्याला म्हणाली. डोळे पुसून लगेच, "परत लाव रे."

सात वेळा लावलं. केरबाही दोन वाट्या पुरण खाऊन बघत बसला.

"म्हटलं नव्हतं, पाच मिनिटांचं काम!" गोपाळकृष्ण कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून म्हणाले. "पण एक कळत नाही. एवढ्याशा भोकात अख्खी अक्षता शिरली कशी?"

चारुलता चहाचं आधण बघायला आत पळाली. अक्षता म्हणजे अखंड तांदूळ, हे तिला का ठाऊक नव्हतं? पण त्या दिवशी डब्यात कणीच उरली होती. आणि घरात सगळ्यांत मोलाची ती डिस्क, म्हणून तिच्यावर चिमूटभर जास्तच पडली!

हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.