नायिकेचा कोट

"दोन भाग! फक्त दोन भाग बघितले की अख्खी मालिका माझ्या खिशात!" असं मास्टरांनी दुकानात जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या तोंडात तीन टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असताना माणसानं बढाया मारू नयेत. पण हे मास्टरांना सांगणार कोण? एकतीस वर्षं ते बायकांचे कपडे शिवत होते. बाई दारातून आत येताच टेप न लावता तिचं माप सांगायचे, आणि पाव इंचाचीही चूक नसायची! त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला एका नजरेत कळते, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

आता ही मालिका आली कुठून, ते सांगतो. मुलगी लग्न होऊन गेली आणि घरात दोघंच उरली, मास्टर आणि वहिनी. सगळा शेजार त्यांना वहिनी म्हणतो, आपणही म्हणू. दोघांचं बोलणं हळूहळू "जेवलात का?" आणि "दिवा घालवा" एवढ्यावर आलं होतं. अशात वहिनींच्या धाकट्या बहिणीनं त्यांना कोरियन मालिकांचा नाद लावला. एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "अहो, सोळाच भाग आहेत. रोज संध्याकाळी आठ ते नऊ. माझ्या शेजारी बसून बघायचे. माझ्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संपतात. यंदा मला दुसरं काही नको."

"एवढंच ना? बसलो!"

आणि मास्टर खरोखर बसले. सोळाच्या सोळा दिवस, एकही न चुकवता! सगळा घोटाळा त्या बसण्यातच झाला.

पहिल्या भागानंतर मास्टरांचं मत असं झालं, की त्या देशात माणसं कमी आणि कोट जास्त आहेत. बागेत कोट, कचेरीत कोट, दवाखान्यात रडायला जायचं तरी कोट! दुसरं मत असं, की तिथे कुणालाच घाई नाही. नायक एकदा नायिकेकडे बघायला लागला की आपण उठावं, पाणी प्यावं, खिडकी लावून यावं, तर पठ्ठ्या अजून बघतोच आहे! तिसरं मत असं, की रडावं ते त्यांनीच. घळाघळा रडतात, पण कॉलरवर एक डाग पडेल तर शपथ!

पण मास्टरांची एक अडचण होती. त्यांना चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी बाई "ओळखलंत का?" म्हणाली की ते गडबडायचे, आणि मग एकदम म्हणायचे, "हां! जांभळं रेशीम, बाहीला चुण्या!" माणूस त्यांना कपड्यावरूनच कळायचा. त्यामुळे मालिकेत कोट बदलला की मास्टरांच्या लेखी नवा माणूस आला. चौथ्या भागापर्यंत त्यांनी एकट्या नायकाचे अकरा भाऊ मोजले.

"फार मोठं कुटुंब आहे गं यांचं!" ते म्हणाले.

वहिनींना वाटलं, हे गंमत करताहेत. किती महिन्यांनी! त्या पोट धरून हसल्या. मास्टरांना वाटलं, आपलं उत्तम चाललंय.

खरी मेख मात्र दुसऱ्याच भागात मारली गेली होती. नदीवरचा पूल, सोसाट्याचा वारा, आणि पुलावर उभी एक बाई. तिच्या अंगात उंटाच्या रंगाचा लांब लोकरी कोट, रुंद कॉलर, पाठीत एकच खोल घडी. मास्टर ताठ झाले. असा खांदा त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता! एवढा कोट जिच्या अंगावर, ती नायिकाच असणार. वहिनींच्या वाढदिवसाला हाच कोट शिवायचा, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. वहिनी म्हणाल्या होत्या, दुसरं काही नको. पण बायका असं म्हणतातच, असं मास्टरांचं एक जुनं शास्त्र होतं.

झालं! त्यानंतर डोळे पडद्यावर आणि डोक्यात कातर, बाही आणि बाहीचा मुंढा. सातव्या भागात वहिनी हळूच म्हणाल्या, "बघा ना तो नवरा. ती एवढी जीव तोडून बोलतेय, आणि हा शेजारी बसूनही घरात नाही."

"मुंढा चुकलाय," मास्टर म्हणाले.

"कुणाचा?"

"अं? नाही, स्वभाव. स्वभाव चुकलाय म्हणतो मी."

"हो ना!" म्हणत वहिनी सरकून जरा जवळ बसल्या.

बाराव्या भागात त्या पदरानं डोळे पुसू लागल्या. "मीही अशीच बोलत असते का हो, भिंतीशी?"

मास्टर तेव्हा अस्तराच्या रंगापाशी अडले होते. "तपकिरी," ते म्हणाले.

वहिनी सरकून पुन्हा लांब बसल्या. मास्टरांना ते कळलंही नाही. नंतर हा 'तपकिरी' त्यांना कितीदा आठवला असेल, त्याला गणती नाही.

दुकानात काज करायला बसणाऱ्या मावशींनी त्यांना सावध केलं होतं. "मास्टर, कोट कुणाचा म्हणालात?"

"नायिकेचा!"

"नाव काय तिचं?"

"नाव तिच्या आईबापांना ठाऊक. मला खांदा ठाऊक!"

"घरी एकदा विचारून तरी बघा."

"सरप्राइज आहे मावशी, सरप्राइज!"

कोट तयार झाला तो असा की मास्टरांना स्वतःचाच हेवा वाटला. वाढदिवसाच्या दिवशी सकाळी त्यांनी तो दुकानाच्या काचेत टांगला आणि खाली पाटी लावली: 'कोरियन नायिकेचा कोट. ऑर्डर घेतल्या जातील.' काचेसमोर बायका थांबायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, खुदूखुदू हसायच्या. दोघींनी फोटो काढले. एकजण तर आत येऊन म्हणाली, "मास्टर, धाडस आहे हं तुमचं!" मास्टरांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली.

संध्याकाळी घरी वहिनींची बहीण आणि शेजारच्या चौघी जमल्या होत्या. मास्टरांनी खोका उघडला, कोट झटकला आणि वहिनींच्या खांद्यांवर चढवला. माप? अंगावरच ओतल्यासारखं! मास्टर टाळ्यांची वाट बघत उभे राहिले. टाळी एकही पडली नाही.

मग मेहुणीच्या तोंडून हसू फुटलं. "अहो भावोजी! हा तर सासूचा कोट!"

"कुणाच्या सासूचा?"

"नायिकेच्या! पाचव्या भागात सुनेच्या तोंडावर पाणी फेकणारी! नवव्यात तिचं पोर पळवून नेणारी!"

"छे! ती हिरव्या कोटातली बाई!"

"तीच ही! तिनं कोट बदलला!"

मास्टरांच्या पायाखालची फरशी सरकली. कोट बदलता येतो, आणि आतली बाई तीच राहते! एकतीस वर्षांच्या धंद्यात हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"थांब गं," वहिनी बहिणीला म्हणाल्या. मग मास्टरांकडे वळल्या. "शेवटी काय झालं, सांगा बरं."

"कालच तर बघितलं! लग्न झालं."

"कुणाचं?"

"त्या करड्या कोटाचं. आणि… काळ्या कोटाचं."

"करडा काय नि काळा काय, दोन्ही नायकच, भावोजी!" मेहुणी किंचाळली. "स्वतःशीच लग्न लावलं का त्यानं?"

घरभर हशा पिकला. शेजारणींच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसल्या नाहीत त्या एकट्या वहिनी. त्यांनी कोटाची पाचही बटणं एकेक करून काढली, कोटाची नीट घडी केली आणि खोक्यात ठेवली.

"ती घर सोडून गेली," वहिनी म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला विचारलं होतं, तिनं बरोबर केलं का. तुम्ही म्हणालात, फारच सुंदर. मला वाटलं, तुम्हाला कळलं."

पुढचा आठवडा मास्टरांनी कसा काढला, ते विचारू नका! घरात वहिनी रागावल्या नाहीत, भांडल्या नाहीत. जेवायला वाढायच्या आणि दिवा घालवायच्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्टरांना वाटायचं. त्यांनी दुकानातल्या बेतायच्या टेबलावर फोन उभा केला आणि मालिका पहिल्यापासून बघायला घेतली. शेजारी मावशी सांगायला. "हा तोच. अहो, हाही तोच! मास्टर, कॉलर सोडा, नाक बघा नाक!" बाराव्या भागात ती बाई भिंतीशी बोलू लागली, आणि मास्टर गिऱ्हाइकाचं नवं कोरं पोलकं डोळ्यांना लावून ढसाढसा रडले.

सोळावा भाग संपला तसे ते दुकान मावशींवर सोडून घरी धावत आले. वहिनींनी नवी मालिका लावली होती. फोनवर तिकडून बहीणही बघत होती.

"अगं, मी सगळी बघितली! पुन्हा, पहिल्यापासून! तो नवरा… मी…"

"हळू बोला," वहिनी म्हणाल्या. "आम्ही सहाव्या भागात आहोत."

"बसू?"

"बसा की."

ही मालिका इस्पितळातली होती. सगळे डॉक्टर एकाच पांढऱ्या कोटात, सगळे रोगी एकाच पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्यात! मास्टरांना धरायला काठच उरला नाही. चेहरे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी बघितले. नाकं बघितली, भुवया बघितल्या. कपाळाला घाम फुटला, पण नऊ वाजेपर्यंत त्यांना तिघं ओळखू येऊ लागली!

"ती तीळवाली डॉक्टरीण खोटं बोलतेय," ते म्हणाले. "तिच्या डोळ्यांत दिसतंय."

वहिनींनी वळून बघितलं. "हो," त्या म्हणाल्या, आणि चक्क हसल्या. मास्टरांना वाटलं, वाचलो! आता चेहरे बघायची सवय लागलीच होती, म्हणून त्यांनी तिथेच, तेवढ्याच बारकाईनं, बायकोचाही चेहरा बघितला. आणि दचकले.

"अगं! चष्मा कधी लागला तुला?"

वहिनींनी टीव्ही बंद केला.

"मागच्या वर्षी," त्या म्हणाल्या. "फ्रेम तुम्हीच पसंत केली होती."