सत्तावन्न कैलासवासी

श्यामकांत विजयकरचा प्रबंध लिहून झाला होता, फक्त संदर्भसूची राहिली होती. ‘फक्त’ म्हणायला काय जातं! प्राध्यापक नवलकरांनी तीच चार वेळा परत पाठवली होती. आधी लेखकाचं नाव, त्यापुढे साल, मग ग्रंथ. एक स्वल्पविराम हलला तरी सरांना जेवण गोड लागत नसे. आज पाचच्या आत त्यांच्या सहीनिशी प्रबंध विद्यापीठात पोचला नाही, तर कॉलेजातली लेक्चररची जागा दुसऱ्याला जाणार होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळामुळे फोर्टातल्या टायपिंगवाल्यांकडे कामं तुंबलेली. म्हणून सूचीची तीन पानं त्याने लालबागच्या गुणाजीला दिली. गुणाजी गिरणीत कामाला, पण गावकरी मंडळाचा मराठी टाइपरायटर त्याच्याच ताब्यात असे. अर्ज, सभेची पत्रकं, वार्षिक अहवाल, सगळं तोच बडवायचा.

दुपारी अडीचला श्यामकांत पोचला तेव्हा गुणाजी शर्ट चढवत होता.

“एक चूक होती, ती निस्तरलंय,” तो म्हणाला. “तुमी ‘कै.’ लावूक इसरलास. मी सगळ्यांक लावलंय.”

श्यामकांतने पानं चाळली. सत्तावन्न लेखक, सत्तावन्न कैलासवासी.

“अहो गुणाजी, ह्यातले निम्मे जिवंत आहेत.”

“मग नावाफुडे साल कित्याक? आमच्या अहवालात गेलेल्या सभासदांचा तसाच असता.”

“ते पुस्तकाचं साल आहे. आणि हे नवलकर माझे सर. त्यांच्याकडेच सहीला चाललोय मी.”

गुणाजीने कपाळाला हात लावला. “मोठी माणसा दिसली, म्हटला मान देवया. आता माझी पाळी सुरू होतली वो.” आणि तो गिरणीकडे पळाला. त्याला तरी काय बोलणार?

श्यामकांतने टॅक्सीने दादर गाठलं. सूची तळाशी ठेवायची आणि वरच्या वर सही घ्यायची, असा त्याचा बेत. सरांनी गठ्ठा हातात घेतला आणि थेट शेवटचीच पानं उघडली. स्वतःच्या नावावर त्यांचं बोट थांबलं.

“कालिंदी,” सरांनी आत बायकोला सांगितलं, “चहा एकाचाच टाक. मी वारलोय.”

श्यामकांतने घाम पुसत सगळी हकिकत सांगितली. सर उठले, दाढीचं ब्लेड आणून त्याच्यापुढे ठेवलं. “जे आहेत त्यांना परत आणा. सुरुवात माझ्यापासून करा.”

श्यामकांत एकेक ‘कै.’ खरवडू लागला. सव्वीस माणसं जिवंत झाली. सत्ताविसावे होते रमाकांत त्रिलोकेकर. हे गृहस्थ माटुंग्याला ठणठणीत होते आणि गेली बारा वर्षं सरांच्या प्रत्येक पुस्तकाचे वाभाडे काढत होते.

सरांनी चष्मा काढला. “विजयकर, हात दुखला असेल तुमचा.”

“नाही सर.”

“दुखला असेल.”

“दुखला सर,” म्हणत श्यामकांतने ब्लेड खाली ठेवलं.

सरांनी झोकदार सही केली. साडेतीनच वाजले होते. श्यामकांतचा जीव भांड्यात पडला. त्रिलोकेकरांच्या जिवाचं काय ते विद्यापीठ बघून घेईल.