फाटककाकांची मुकी मोजणी

आमटीत मीठ जास्त झालं तरी आमचे शेजारी फाटककाका लगेच बोलत नसत. काकूंनीही चाखून आपलं मत ठरवायचं आणि मग दोघांनी एकदम सांगायचं. "एकाचं ऐकलं की दुसऱ्याची जीभ तेच म्हणते," हे त्यांचं म्हणणं. तोवर आमटी गार.

हे खूळ निवृत्तीनंतरचं. खांदा कॉलनीत राहायला आल्यावर काका दर रविवारी मुंबईला संख्याशास्त्र शिकायला जाऊ लागले. पक्षी वाचवायचे तर आधी ते नीट मोजता यायला हवेत, म्हणून. तिथे शिकवलं, एकाच झाडावरचे पक्षी दोघांनी एकमेकांना न सांगता मोजायचे, मग ताडून पाहायचे. म्हणजे दोघांच्याही नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज येतो.

"दोघांनाही न दिसलेले कसे मोजता हो?" मी विचारलं.

"तीच तर गंमत!" म्हणून काका तासभर बोलले. गंमत कुठे आली ते मला कळलं नाही.

रोज संध्याकाळी दोघं विचुंबे गावाच्या वाटेवर पिंपळाखाली बगळे मोजत. मी सोबतीला. ती दोघं एकमेकांपासून लांब उभी, तोंडं बंद. भाजीची पाटी रिकामी करून परतणारी गाववाली विचारी, "काय काकू, आज पण भांडण हाय? बोलत नाय ते?" काकू नुसत्या हसत. बोललं तर आकडा चुकेल.

मग काकूंची नजर अधू झाली. सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचा आकडा उतरू लागला. एकदा त्यांनी हळूच माझा हात धरला. "सुमन, किती आहेत गं? यांनी माझ्या जागी दुसरं कुणी घेतलं तर मी संध्याकाळी करू काय?"

"सुमन, साक्षीदार फोडू नकोस!" आमची कुजबुज पाहून काका लांबून ओरडले.

असला कसला नवरा, असं मला वाटलं.

आठवड्याभरात काकांनी जाहीर केलं, "बगळे बंद! बगळ्यांत काही शास्त्र नाही. पिंपळाला फळं आलीत, आता तांबट पक्षी मोजायचे, सकाळी. ते पानांत दिसत नाहीत. आवाजावरूनच मोजायचे." काकांना स्वतःला दारावरची बेल दोनदा वाजवल्याशिवाय ऐकू येत नसे.

सकाळी काकू डोळे मिटून बोटांवर मोजत उभ्या राहिल्या. काका कानामागे हात धरून. मग दोघं एकदम बोलली.

"सात."

"दोन."

"अहो, कान तपासून घ्या एकदा!" काकू म्हणाल्या. किती दिवसांनी त्या एवढ्या ठसक्यात बोलत होत्या.

काका त्यांच्याजवळ गेले, कान पुढे केला आणि म्हणाले, "काय?"