हाक गेली, ओ नाही

गफ्फारभाईंना नमस्कार करायचा तर हाताशी थोडा वेळ असावा लागतो. तुम्ही म्हणता, "सलाम, गफ्फारभाई." ते म्हणतात, "वालेकुम सलाम, विलासभाऊ." इथे बाकीच्या जगाचा नमस्कार संपतो. गफ्फारभाईंचा संपत नाही. ते तुमच्या शर्टाची बाही धरून उभे राहतात आणि तुम्ही "पोचला" म्हणेपर्यंत सोडत नाहीत. एकदा मी बाही सोडवून एसटी पकडायला पळालो, तर हा गृहस्थ बसच्या खिडकीपर्यंत मागे आला.

"भाऊ, सलाम अर्धाच राह्यला ना! माहा तुमच्यापर्यंत गेला का नाई, मले कसं मालूम?"

बस हलली होती. मी खिडकीतून ओरडलो, "पोचला!" तेव्हा कुठे त्यांचा जीव शांत झाला. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "काय पोचलं जी?" मी म्हटलं, "पार्सल."

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची जिनिंग-प्रेसिंगची कंपनी होती. मी कापसाच्या गाठींच्या आवक-जावकेचा कारकून, आणि गफ्फारभाई आमचं नेटवर्क. नेटवर्क सांभाळणारे असं कोणी म्हणत नसे, नुसतं नेटवर्क. वय पन्नाशीचं, मेंदी लावलेली दाढी, खिशात टेस्टर. आधी यवतमाळात रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ संपले तेव्हा रडत न बसता त्यांनी नागपूरला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला, पोरांच्या मागच्या बाकावर बसून.

ऑफिसात एक फायरवॉल होती. म्हणजे एक काळा डबा. ऑफिसातून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा प्रत्येक संदेश त्याच्यातून जायचा. कोणी कोणाला हाक मारली, समोरच्याने ओ दिली का, बोलणं जुळलं का, संपलं का, याची एकेक ओळ तो पडद्यावर दाखवायचा. लोक सकाळी पेपर वाचतात तसे गफ्फारभाई त्या ओळी वाचत. मूळ इंग्रजी नावं त्यांनी केव्हाच टाकून दिली होती. त्यांच्या भाषेत अवस्था मोजक्या: 'हाक गेली, ओ नाही', 'जुळलं', 'निरोप घेऊन राह्यले' आणि 'तोंडावर दार'.

"बिघाड शोधाचा कसा, सांगतो," ते म्हणायचे. "ओळच नाई दिसली, तं हाक आपल्याच घरातून निंगाली नाई. घरात पाह्याचं. हाक गेली, ओ नाई, तं बाहेर पाह्याचं. जुळलं हाय अन् तरी काम होत नाई, तं मंग लायनीले कायले शिव्या देता? बोलणाराच येडा हाय."

हे शास्त्र त्यांनी डब्यापुरतं ठेवलं असतं तर बरं होतं. मी एकदा रजेचा अर्ज दिला आणि चार दिवस मॅनेजरसाहेब गप्प. मी साहेबांच्या नावाने बोटं मोडत होतो. गफ्फारभाई आले, आवक रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "ओळच नाई. घरात पाह्य." अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात होता, जेवणाच्या डब्याखाली, त्याच्यावर लोणच्याचं तेल.

त्या वर्षी आमच्या इथे हसायला फारसं काही नव्हतं. कापसाचे वाईट दिवस होते. आजूबाजूचे निम्मे जिन बंद पडले होते आणि गावाकडून आलेला माणूस खाली मान घालून चहा प्यायचा. गफ्फारभाईंच्या घरातही त्या कापसाने एक भिंत घातली होती. बाभुळगावला त्यांचे मोठे भाऊ सत्तारभाई शेती करायचे. सहा वर्षांपूर्वी एका दावतीत, चार पाहुण्यांसमोर, गफ्फारभाई त्यांना म्हणाले होते, "कापूस सोडा आता भाईजान, एखादं दुकान टाका." सत्तारभाई ताटावरून उठले. तेव्हापासून बोलणं बंद.

आणि आता गफ्फारभाईंच्या मुलीचा, शबानाचा, निकाह आठ दिवसांवर आला होता. निकाहात मुलीची रजामंदी विचारायला घरातलं वडीलधारं माणूस वकील म्हणून लागतं. शबाना लहानपणी त्या बडे अब्बांच्याच खांद्यावर बसून शेत हिंडलेली. ती हट्टाला पेटली होती की विचारतील तर तेच विचारतील. बायको, मेहुणे, मुलाकडचे, सगळे म्हणत होते, मामाचं नाव घाला आणि मोकळे व्हा. गफ्फारभाई ऐकत नव्हते. त्यांनी पत्रिका पाठवली होती आणि ते ओ येण्याची वाट बघत होते.

"नाई म्हणाचं असतं तं तोंडावर दार आलं असतं," ते मला रोज समजावत. "पत्रिका फाडून परत आली असती. तशी आली का? नाई. फोन लावतो तं घंटी जाते, पण कोणी उचलत नाई. नाई म्हणणं हे बी एक उत्तर असते भाऊ. चूप म्हणजे मधात काहीतरी खाऊन राह्यलं."

"किंवा ते रागावलेत," मी म्हटलं.

"तुम्हाले लायनीतलं काई समजत नाई."

मला लायनीतलं समजत नव्हतं हे खरं, पण माणसातलं थोडं समजत होतं, आणि मला त्यांची फार दया यायची. ते बोलत असताना त्यांचा मोबाइल वाजला की ते ओळखीचं नाव आलं का एवढंच बघत, आणि नाही दिसलं की खटकन कापत. त्यांच्या घरादाराला हा नियमच होता: ज्याला आपण हाक मारली नाही, त्याला आत घ्यायचं नाही. काळा डबा तसंच करतो म्हणून. मॅनेजरसाहेबांनी नंबर बदलला तेव्हा त्यांनाही तीन दिवस या दोन पायांच्या डब्याने आत घेतलं नव्हतं. साहेबांनी शेवटी चपराशाच्या हाती चिठ्ठी पाठवली.

अशात आमच्या बाभुळगावच्या खरेदी केंद्राची लाइन गेली. सकाळचा भाव पोचेना, काटा थांबला, बैलगाड्या रस्त्यापर्यंत लागल्या. डब्यावर ओळींची माळ: हाक गेली, ओ नाही. हाक गेली, ओ नाही.

"बाहेरचा बिघाड. बाभुळगावले चला," गफ्फारभाई म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग बदलला. सहा वर्षांत ते त्या गावात उतरले नव्हते.

केंद्रावरचा इनचार्ज हात जोडून म्हणाला, "आमच्याकडून बरोबर उत्तर जाऊन राह्यलं जी! मी तं परवा दुसरी नवीन लाइन बी घेतली, जुनी मरतुकडी होती म्हणून."

गफ्फारभाईंनी तारा पाहिल्या, पडदा पाहिला, आणि डोक्याला हात लावला. लोहाऱ्याची हाक जुन्या लाइनने येत होती. इथली ओ नव्या लाइनने, नव्या पत्त्यावरून निघत होती. लोहाऱ्याला ती पोचतही होती. पण आपला काळा डबा म्हणत होता, या पत्त्याला मी हाक मारलीच नव्हती, हा कोण? आणि फेकून देत होता.

त्यांनी एक तार काढून दुसरीकडे खोचली. भाव आला, काटा सुरू झाला, बाहेर गाडीवानांनी आरडाओरडा केला. गफ्फारभाई मात्र खुर्चीतून उठेनात. पडद्याकडे बघत बसले. मग हळूच खिशातून मोबाइल काढला.

"भाऊ, चष्मा नाई आणला. जरा वाचता का? कापलेले नंबर."

मी वाचले. आठ दिवसांत एकच अनोळखी नंबर, रोज एकदा, रोज दुपार कलताना. सुरुवातीचा कोड बाभुळगावचा होता.

"हा नंबर?" मी इनचार्जला विचारलं.

"हा तं स्टँडवरच्या एसटीडीचा."

स्टँडवर काचेची खोली असलेली एसटीडी होती. मालकाने गफ्फारभाईंकडे खालून वर पाहिलं. "सत्तारभाईंचा भाऊ तुम्ही? रोज दुपार कलली का असरची नमाज पढून येतात ना ते. एकच नंबर लावतात. तिकडून कोणीतरी कापते. म्हाताऱ्याचं तोंड पाहवत नाई जी."

"पण त्यांच्या घरी फोन आहे," मी म्हटलं. "घंटी वाजते."

"घंटी तुमच्या कानात वाजते. केबल तुटून दोन पावसाळे झाले. त्यांनी फोनचा डब्बा कपाटात ठेवून देल्ला."

गफ्फारभाई मागच्या बाकावर बसले. मी त्यांना चिडवलं नाही. जिल्ह्यातला सगळ्यात हुशार माणूस आठ दिवस आपल्याच भावाला दाराबाहेर उभं करत होता, यावर काय बोलायचं?

थोड्या वेळाने सत्तारभाई आले. उंच, वाकलेले, चपलेला शेतातली काळी माती. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ काचेच्या खोलीत शिरले, पाठ करून उभे राहिले, सदऱ्याच्या खिशातून पत्रिका काढली आणि तिच्यावरचा एकेक आकडा बघून फिरवू लागले.

बाकावर गफ्फारभाईंचा मोबाइल वाजला. सवयीने त्यांचा अंगठा लाल बटणावर गेला. मी मनगट घट्ट धरलं. त्यांनी हिरवं दाबलं.

"काट मत!" खोलीतून आवाज आला, आणि तोच मोबाइलमधूनही. "मैं सत्तार बोलरा. इतनाच बता दे, शादी में आऊं के नको आऊं? तेरी पत्रिका डाक से आई. घर के आदमी कू डाक से कौन बुलाता?"

हे मात्र मला माहीत नव्हतं. स्वतः जायची हिंमत झाली नाही म्हणून या माणसाने सख्ख्या भावाला पत्रिका पोस्टाने पाठवली होती. गफ्फारभाईंनी मोबाइल कानाला आणखी घट्ट दाबला.

"हॅलो? सुन रहा क्या?"

"आप नहीं आए तो," गफ्फारभाई कसेबसे म्हणाले, "शब्बो से पूछेगा कौन, भाईजान?"

खोलीतली पाठ नुसती हलली. मालकाला आपले डोळे दिसू नयेत म्हणून सत्तारभाईंनी तोंड फिरवलं, आणि समोर बाकावर धाकटा भाऊ, कानाला मोबाइल धरून रडत बसलेला.

मला वाटलं आता मिठ्या पडणार. पण सहा वर्षांत समोरासमोर बोलायची सवय गेली होती दोघांची. फोनवर जमत होतं, म्हणून त्यांनी फोनच धरून ठेवला. मध्ये एक काच, सात-आठ पावलं, आणि दोघं एकमेकांकडे टक लावून बघत होते. माझेही डोळे भरून आले आणि मी उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"खाना खाया क्या?" सत्तारभाईंनी रिसीव्हरमध्ये विचारलं.

"नहीं," गफ्फारभाई मोबाइलमध्ये म्हणाले.