मिरचीचं डावं वळण

शिवलीलाकाकूंच्या घरी भाकरी मोडली की तिचा वाहतुकीचा फलक होतो.

काकू भवानी पेठेत कडक भाकऱ्या करून विकतात. गिऱ्हाईक अख्खी भाकरी नेतं, मोडलेली घरात राहते. तिकोनी तुकडा ताटात ठेवायचा, त्यावर लाल मिरची वाकडी करून मांडायची आणि मला विचारायचं, "सविता, वळख बगू!"

"डावं वळण."

"व्हय. तिकोनी म्हंजे सावध, गोल म्हंजे हुकूम. हुकूम मोडला की दंड!" एवढं सांगून काकू वळणासकट तो तुकडा खाऊन टाकतात.

मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहते. मूळची मंगळवेढ्याकडची. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असा काकूंचा समज आहे. मला स्कूटर येत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"चालवायचं मी बगते. तू फकस्त मोबाईल धर."

साठीला टेकलेल्या काकूंना शिकाऊ लायसन काढायचं होतं. त्यासाठी मोबाईलवर सराव परीक्षा असते. प्रश्न येतो, खाली उत्तरांचे पर्याय, आणि वर घड्याळ पळत असतं. रोज संध्याकाळी काकू परातीपुढं बसायच्या आणि मी त्यांच्यासमोर मोबाईल धरून. त्यांचे हात ज्वारीच्या पिठात. त्या प्रश्न मोठ्यांदा वाचायच्या, "दुसरं!" असं उत्तर त्याहून मोठ्यांदा द्यायच्या आणि मी दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवायचे.

"काकू, मनात वाचलं तरी चालतं."

"मनात वाचल्यावर ऐकू कुणाला जाणार?"

कुणाला जायला हवं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

हळूहळू सगळं घर नियमानं चालू लागलं. जिन्यात आम्ही समोरासमोर आलो की काकू भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. चढणाऱ्याला आधी वाट. दूधवाल्यानं दारात घंटी वाजवली की, "शांतता क्षेत्र हाय हे!"

शांतता होती ती आतल्या खोलीत. तिथं काकूंचे यजमान, ईरण्णाकाका, कॉटवर पडून असायचे. साखरेच्या दुखण्यानं त्यांची नजर नेली होती. माणूस नुसता आकारावरून ओळखायचे. पूर्वी तेच स्कूटरवरून दुकानांत भाकऱ्या पोचवायचे. एकदा त्यांनी स्कूटर वांग्यांच्या हातगाडीत घातली. लागलं कुणालाच नाही, पण त्या दिवसापासून काकांनी उंबरा ओलांडला नव्हता. कुणी फिरवून आणतो म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मी काय पार्सल हाय व्हय, कुणीबी उचलून न्यायला?"

सराव परीक्षेतला एक प्रश्न काकूंच्या फार आवडीचा होता. शिकाऊ चालकानं दुचाकीवर मागं कुणाला बसवावं? तो आला की काकू मान आतल्या खोलीकडं वळवून पुन्हा एकदा वाचायच्या. मग उत्तर, "लायसन असलेल्या शिकवणाऱ्यालाच!" आतून फक्त खोकला यायचा.

परीक्षेच्या दिवशी मी सोबत गेले. मला दाराशीच थांबवलं. काकू कॉम्प्युटरपुढं ताठ बसल्या आणि थोड्या वेळानं आतून आवाज आला, "दुसरं!" मग "पहिलं!" साहेब म्हणाले, "मावशी, मनात." काकूंनी आवाज किंचित कमी केला.

बाहेर आल्या त्या नापास होऊन.

"समदी बरोबर सांगितली की गं! तो सायेब दाबतच नव्हता!"

"साहेब कशाला दाबतील, काकू?"

"मग? तू दाबतीस की!"

घरी हा प्रकार सांगितला तेव्हा आतून, मी तिथं राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, हसू ऐकू आलं. "परीक्षंला दोगी गेल्या आन् बोट घरी इसरलं व्हय?"

त्यानंतर काकू हात धुऊन सरावाला बसू लागल्या. बोट त्यांचं, पण आता आतून अधूनमधून आवाज यायचा, "तिसरं दाब गं, तिसरं."

पुढच्या खेपेला काकू पास झाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्कूटरवरची धूळ पुसली, लाल रंगातलं 'एल' चिकटवलं. मला राहवलं नाही. "काकू, मी बसू मागं?"

चुकीच्या उत्तराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुझ्याकडं लायसन हाय?"

मग त्या आतल्या दाराकडं वळल्या. काकांना त्या कन्नडमधून 'री' म्हणतात, म्हणजे 'अहो'. "री, नेम तुमालाबी पाठ झालाय न्हवं? शिकवणारा लागतोय. मी कुटनं आणू?"

आतून आवाज आला, "ब्रेक बगितलास का?"

"मला काय कळतंय त्यातलं?"

कॉट करकरली. काका चौकट धरून बाहेर आले, खिशातलं पाकीट चाचपून लायसन असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "चल. पर मी सांगंन तसंच चालवायचं."

स्कूटर ढकलत आम्ही मागच्या मोकळ्या मैदानात गेलो. काकूंचे दोन्ही पाय जमिनीला घासत होते, काकांचे दोन्ही हात काकूंच्या खांद्यांवर, आणि वेग असा की मी शेजारून आरामात चालत होते.

"हळू. नीट फुडं बग. आता आरशात. मागचं दिसाया पायजे." काकांनी मान थोडी पुढं काढली. "काय दिसतंय?"

काकूंनी आरशात बघितलं.

"तुमी," त्या म्हणाल्या.