दोघांपुरता खिमा, गल्लीभर डम्पलिंग

"खिमा शिजवायला लागतं काय? खिमा, कांदा आणि डोकं! पहिल्या दोन गोष्टी दुकानात मिळतात, तिसरी माझ्याकडे आहे!"

हे वाक्य मी सोफ्यावर बसून, पाय वर घेऊन म्हणालो. पाय वर घेतले होते कारण खालून माझी बायको शुलामीथ व्हॅक्युम फिरवत होती. तिने व्हॅक्युम बंद केला. आमच्या घरात व्हॅक्युम मध्येच बंद होणं हे लक्षण बरं नसतं.

"मग करून दाखवा," ती म्हणाली.

प्रकरण असं होतं. आमची मुलगी टालिया नॉटिंगहॅमला असते. तिला मुलगा झाला, सहा आठवड्यांचा आहे, आणि तो रात्री झोपत नाही, दिवसा झोपत नाही, मधल्या वेळात तर मुळीच झोपत नाही. जावयाची रजा संपलेली. "आई, महिनाभर ये ना," म्हणून टालिया रोज फोनवर रडत होती. शुलामीथचा जीव तिकडे, पण पाय इकडे अडकलेला. कारण मी! मी इमॅन्युएल पेणकर, वय एकाहत्तर, मूळ भायखळ्याचा, गेली त्रेचाळीस वर्षं लंडनच्या पिनरचा. कौन्सिलमध्ये पुलांची तपासणी करून निवृत्त झालो. कुठल्या पुलावरून किती टनांची लॉरी जाईल हे मी झोपेत सांगेन. पण आपल्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे मला जागेपणीही सांगता येत नाही.

"मी गेले तर तुम्ही खाणार काय?" हा तिचा प्रश्न.

"बुधवारी रात्रीचं जेवण मी करतो. आपल्या दोघांपुरतं. खिमा आणि डम्पलिंग. जमलं तर गुरुवारच्या गाडीने तू नॉटिंगहॅमला जा."

"आणि नाही जमलं तर?"

"असा प्रश्नच येत नाही!"

"नाही जमलं तर मी टालियाला सांगते, मला यायला जमत नाही," ती म्हणाली. ती हसत नव्हती. मग मीही हसलो नाही.

डम्पलिंगच का, असं तुम्ही विचाराल. शेजारच्या मॉरीनमुळे. मॉरीन ब्याऐंशी वर्षांची आहे आणि थंडीत तिच्या स्वयंपाकघरातून असा वास येतो की मी कुंपणापाशी उगाचच झाडं बघत उभा राहतो. खिम्याचा दाटसर रस्सा, आणि त्यावर मैद्याचे गोळे ठेवून, झाकण लावून, वाफेवर फुगवायचे. झालं! तिने मला कृती एका कागदावर लिहून दिली, पाठपोट. खाली लाल पेनाने दोनदा अधोरेखित केलेली एक ओळ होती : वीस मिनिटं काहीही झालं तरी झाकण उघडायचं नाही!

कृती आठ माणसांची होती. आम्ही दोघं. म्हणजे सगळ्याला चारने भागायचं. ज्याने आयुष्यभर पुलांचे भार मोजले त्याला चारने भागाकार म्हणजे काय!

बुधवारी चार वाजता शुलामीथ केस रंगवायला पार्लरमध्ये गेली. नातवाला आजी तरुण दिसली पाहिजे म्हणे. जाताना दारात थांबून म्हणाली, "अहो, काही झालं तर फोन करा."

"काय होणार आहे?"

तिने हातातली छत्री जरा घट्ट धरली.

बीफचा खिमा मी आमच्या कोशर खाटकाकडून सकाळीच आणला होता. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. आमच्यात मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही. मॉरीनच्या कृतीत गोळे दुधात भिजवायचे होते. मी घाबरलो का? छे! माझी आई नारळाच्या दुधात अख्खं जग शिजवायची. मी नारळाच्या दुधाचा डबा उघडला. चरबीही मी वनस्पतीचीच आणली होती.

आणि सांगतो, खिमा झकास झाला! कांदा बदामी, आलं-लसूण, गाजर, चमचाभर गरम मसाला. चौथा हिस्सा खिमा, म्हणून पातेलंही सगळ्यात धाकटं घेतलं. मी फोटो काढला. टालियाला पाठवला. तिचं उत्तर आलं, "बाबा, हा खरंच तुम्ही केला?" मी छाती फुगवली. त्या घरात त्या दिवशी फुगलेली ती पहिली गोष्ट.

मग मी कागद उलटला. मागच्या बाजूला डम्पलिंग.

आता इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चारने भागायचं ते मी कागदाच्या पुढच्या बाजूला भागलं. मागच्या बाजूला भागायचं राहून गेलं. एक पौंड पीठ म्हटलं, तर एक पौंड पीठ! पाकिटावर 'सेल्फ-रेझिंग' असं छापलेलं होतं. म्हणजे हे पीठ आपोआप फुगतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं ते कंपनीचं नाव असेल. म्हणून ते फुगावं यासाठी मी वरून बेकिंग पावडर घातली. तीन चमचे. हाताला जो चमचा लागला तो, म्हणजे वाढायचा.

गोळे वळले तर ते चांगले तीस झाले! दिसायला मात्र एवढेएवढेसे, सुपारीसारखे. दोन माणसांना पंधरा-पंधरा सुपाऱ्या, असा हिशेब करून मी ते पातेल्यात खेटून बसवले. वर झाकण. घड्याळ लावलं. वीस मिनिटं.

सातव्या मिनिटाला झाकण हललं.

मला वाटलं वाफ असेल. आठव्या मिनिटाला झाकण बोटभर वर आलं आणि खालून पांढरंशुभ्र काहीतरी बाहेर डोकावलं. डोकावलं, इकडे बघितलं आणि परत गेलंच नाही! दहाव्या मिनिटाला झाकण टोपी तिरकी घातल्यासारखं एका बाजूला कललं.

आता करायचं काय? झाकण उघडायचं नाही, असं लाल पेनाने लिहिलेलं. झाकण स्वतःहून उघडायला लागलं तर काय करायचं, हे कुठल्याच पेनाने लिहिलेलं नव्हतं. मग माझ्यातला इंजिनियर जागा झाला. दाबाला उत्तर भाराने! मी शुलामीथचा वरवंटा आणून झाकणावर ठेवला. दोन मिनिटं शांतता. मग वरवंट्यासकट सगळं हळूहळू वर यायला लागलं. चाळीस वर्षांत मी एवढ्या ताकदीचा पाया कुठल्या पुलाखाली पाहिला नव्हता!

मॉरीनला विचारावं म्हटलं. पण तिला फोनवर ऐकू येत नाही. ती मेसेज वाचते. एका हाताने झाकण दाबून धरत मी दुसऱ्या हाताने फोन उघडला. मॉरीनचा मेसेज वरच दिसत होता, उद्या कचऱ्याचे निळे डबे बाहेर ठेवायचेत, असा काहीसा. त्याच्याखाली मी घाईघाईने लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, त्याचं मराठी असं :

"फार झपाट्याने वाढतंय. पाच वाजल्यापासून दुप्पट झालं. मी झाकून ठेवलंय, दाबून धरलंय, पण थांबत नाही. जमलं तर लगेच या. कृपा करून शुलामीथला सांगू नका. तिला उद्या नॉटिंगहॅमला जाता आलं पाहिजे."

मॉरीनने डब्यांचा मेसेज मला पाठवला नव्हता. तो आमच्या गल्लीच्या ग्रुपवर होता. सत्तावीस घरं!

दोन मिनिटांत घंटी वाजली. समोरच्या घरातला माधव दारात उभा. पायात एकच चप्पल, दुसरा पाय मोज्यात. माधव कॉम्प्युटरवाला, एरवी बडबड्या. आज त्याने नुसते माझे दोन्ही हात हातात घेतले.

"काका... कधीपासून?"

"अरे, वीस मिनिटं झाली असतील."

"वीस मिनिटं?" त्याने डोळे पुसले. "आणि तुम्ही एकटे सहन करताय?"

"सहन काय करायचंय? हात भरून आलाय फक्त. तू जरा दाबून धरतोस का?"

माधव एक पाऊल मागे सरला. "मी? मी कसं... काका, तिथे हात लावणं बरं नाही. उर्वी येतेय."

उर्वी आलीच! बारा नंबरातली. टालियाची शाळेतली मैत्रीण, आता डॉक्टर. इथेच जन्मलेली, त्यामुळे तिचं मराठी गोड पण लिंगाच्या बाबतीत उदार. हातात बॅग, गळ्यात स्टेथोस्कोप.

"काका, बसा. घाबरू नका. मला दाखवा ना."

"ये, ये, आत ये. स्वयंपाकघरात आहे."

"नाही, इथेच दाखवा. एम्बॅरस होऊ नका, मी डॉक्टर आहे. माझा रोजचा काम आहे. मऊ आहे की कडक?"

"वरून मऊ. आतून अजून कच्चं असेल."

उर्वीने माधवकडे पाहिलं. माधवने भिंतीकडे पाहिलं.

"रंग बदलला का?"

"कडेने तपकिरी व्हायला लागलंय! वासही येतोय, तुला येत नाही?"

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "आपण ॲम्ब्युलन्स बोलावू या."

"ॲम्ब्युलन्स कशाला? डम्पलिंगला?"

तेवढ्यात मॉरीन मागच्या दाराने काठी टेकत आली आणि तिच्याबरोबर गल्लीतली आणखी तीन माणसं. एकाच्या हातात फुलं होती! मी समजावून सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर मिनीकॅबचं दार आपटलं.

शुलामीथ.

डोक्यात चांदीच्या कागदाच्या पन्नास घड्या, खांद्यावर पार्लरचा काळा टॉवेल, कपाळावरून रंगाचा ओघळ. उर्वीने मैत्रीण म्हणून टालियाला कळवलं होतं, आणि टालियाने आईला फोन केला होता. शुलामीथ सरळ माझ्यापाशी आली. गर्दीकडे तिचं लक्षच नव्हतं. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्रेचाळीस वर्षांत तिने तो चारचौघांत असा एकदाच धरला होता, टालिया जन्मली तेव्हा.

"मला सांगू नका म्हणालात?" ती म्हणाली. "मी नॉटिंगहॅमला जावं म्हणून तुम्ही गाठ लपवलीत?"

"गाठ? कसली गाठ?"

"मेसेजमध्ये लिहिलंत ना! वाढतंय, दुप्पट झालं, दाबून धरलंय..."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आतून पातेल्यातली बुडबुड ऐकू येत होती. मी बोटाने स्वयंपाकघराकडे दाखवलं.

सगळे आत गेले. आणि त्याच क्षणी वरवंटा घसरला! धाडकन जमिनीवर पडला, मागोमाग झाकण घरंगळत फ्रीजखाली गेलं, आणि सगळ्यांसमोर तो उभा राहिला. तीस सुपाऱ्यांचा मिळून एकच एक गोळा! पातेल्याच्या वर वीतभर, कडेने खाली लोंबणारा, मोठ्या उशीसारखा गुबगुबीत.

"वीस मिनिटं झाली का?" मॉरीनने विचारलं.

शुलामीथ खुर्चीत बसली. तिने तोंडावर पदर घ्यावा तसा पार्लरचा टॉवेल घेतला. खांदे हलत होते. मी गुडघ्यावर बसलो. "शुला, रडू नकोस. माझी चूक झाली. गाठबीठ काही नाही, ठणठणीत आहे मी."

तिने टॉवेल बाजूला केला. ती हसत होती! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मग माझ्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. "मूर्ख माणूस!" म्हणाली. मग परत हसली. मग परत मारली. उर्वीने वैद्यकीय कारणावरून तिसरी चापट अडवली.

गोळा सुरीने कापावा लागला. रस्सा त्याने सगळा पिऊन टाकला होता, तळाचा खिमा किंचित लागला होता, पण खोटं सांगत नाही, चव होती! दोघांपुरतं जेवण सात जणांनी खाल्लं आणि मॉरीनने उरलेलं घरी नेलं. माधव बीफ खात नाही. तो घरी जाऊन, दुसरी चप्पल घालून, पोह्यांचं पातेलं घेऊन आला. शुलामीथने डोक्यातल्या चांदीसकट जेवण केलं. पार्लरवाल्या बाईचे चार फोन येऊन गेले होते. केस शेवटी गाजराच्या रंगाचे झाले. पण नातवाला रंग अजून कळत नाहीत.

सगळे गेल्यावर मी भीत भीत विचारलं, "मग टालियाला काय सांगणार?"

"सांगितलं. उद्या येते म्हणून."

"म्हणजे मी पास झालो?"

"पास?" तिने पातेल्याच्या तळाकडे पाहिलं. "स्वयंपाकात तुम्ही साफ नापास. पण एका मेसेजवर सहा माणसं धावत आली. एक तर एकाच चपलेत आला. तुम्हाला उपाशी ठेवणार नाहीत ही मंडळी. मला काळजी होती ती हीच, की मी गेले तर तुमचं असं कोण आहे इथे."

त्रेचाळीस वर्षं आम्ही या गल्लीत राहतो आणि हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

गुरुवारी मी तिला सेंट पँक्रस स्टेशनवर सोडायला गेलो. बॅग डब्यात ठेवून दिली, खाली उतरलो. दार बंद व्हायच्या आधी ती दारापाशी आली, माझी कॉलर नीट केली. डोळे भरलेले. माझेही. आता ती काहीतरी असं म्हणणार, जे मी महिनाभर जपून ठेवीन, असं मला वाटलं.

"अहो, ऐका."

"बोल, शुला."

"चहासुद्धा उर्वीकडेच घ्या."

दार बंद झालं.

आता तुम्ही म्हणाल, ऐकलं का मी तिचं? ऐकणारच होतो. पण पाणी उकळायला लागतं काय हो? पाणी आणि किटली! आमची किटली विजेची आहे, ती गॅसवर ठेवायची नसते, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं.